मेणाचा हिशेब

मी सिड्सेल. राजवाड्याच्या मेणकोठीच्या किल्ल्या
बावीस वर्षं माझ्या कमरेला.
कोण कशावर विश्वास ठेवतो, ते मला कुणी सांगत नाही.
मी रोज सकाळी जळून उरलेली थोटकं मोजते.

पूर्वी संत बार्बराच्या कोनाड्यात
रात्रीला बारा, सणाला चाळीस.
मरणाऱ्यासाठी वेगळ्या, मेलेल्यासाठी त्याहून जाड,
आणि शुद्धिस्थानात अडकलेल्या थोरल्या राजाच्या आत्म्यासाठी
एक, जी कधीच विझू द्यायची नाही.
विझायची ती. वारा काय राजाला ओळखतो?
मग मी गुपचूप दुसरी लावायचे.

त्या हिवाळ्यात ल्युबेकहून मिठाची पिंपं आली.
सातव्यात मीठ कमी भरलं.
तळाशी मेणकापडाचं गाठोडं निघालं,
मेणाचं म्हणून आचाऱ्याने माझ्यापुढे आणून टाकलं.
आत कागद. काळी, दाट अक्षरं.
मला वाचता येत नाही, मी हिशेब रेघांनी मांडते.
दुपारी राणीसाहेबांची आबेलोने स्वतः जिना उतरून आली,
हात पुढे केला,
बोलली नाही. मीही नाही.

त्या आठवड्यापासून शयनगृहातून मेणाची मागणी वाढली.
आधी दोन, मग पाच.
राणीसाहेबांना झोप नाही, असं कारण.
पण झोप नसलेल्या माणसाची मेणबत्ती
एका जागी, सरळ जळते.
ह्या थोटकांवर ओघळ एकाच बाजूने,
कुणीतरी ती तिरपी धरून
ओळीमागून ओळ सरकत असल्यासारखे.

नंतर उपासाच्या शुक्रवारी हंस भाजला गेला.
वैद्याचा सल्ला, म्हणे.
मग दिवाणसाहेबांकडून तीन जास्त,
त्यांच्या धाकट्या भावाकडून दोन,
मग ज्याला देव आणि दारू यांत फारसा फरक कळत नव्हता
त्या घोडदळाच्या सरदाराकडूनही एक.
राजाला नवं मत कितपत पटलं, देव जाणे.
पण मठांच्या जमिनींचा नकाशा त्याने दोनदा मागवला,
आणि त्या रात्री चार मेणबत्त्या
बुडापर्यंत जळल्या.

वसंतात विटेनबर्गला शिकलेला येस्पर नावाचा पोरगा
प्रार्थनागृहात उभा राहिला आणि आमच्या भाषेत बोलला.
ज्या भाषेत आम्ही मासळीचा भाव पाडतो,
बाळंतिणीला धीर देतो, खेचराला शिव्या घालतो.
मला आधी लाजच वाटली,
गुत्त्यात अचानक बाप भेटावा तशी.
मग माझ्या शेजारची धोबीण रडायला लागली
आणि तिला का रडतेस विचारायचं
कुणालाच सुचलं नाही.

शुद्धिस्थान नाही, असं ठरलं.
बुधवारी, जेवणानंतर.
थोरल्या राजाची मेणबत्ती बंद करा, असा हुकूम खाली आला.
मी विझवली. धूर सरळ वर गेला.
बार्बराच्या कोनाड्यात आता
ओल्या छत्र्या ठेवण्याइतकी जागा झाली आहे,
पण छत्री कुणाकडेच नाही.

आणि माझी किर्स्टिना?
चार वर्षांची होती. तापाने गेली.
अकरा वर्षं मी उरलेली थोटकं वितळवून
तिच्यासाठी बोटाएवढी एक ओतत आले,
चोरीच ती, पण राजाच्या आत्म्याला काय कमी होतं?
मी आबेलोनेला विचारलं.
ती म्हणाली, मूल कधीच पोचलं गं,
मेण लागत नाही, पैसे लागत नाहीत, काही लागत नाही.
छान बोलली. हात धरला माझा.
मग अकरा वर्षं मी उजेड कुणाला दाखवत होते?
तिने पुस्तक उघडलं,
पानं पुढे उलटली, मागे उलटली.
खाली घोडे पाणी पीत होते, त्याचा आवाज येत राहिला.

आता आबेलोने मला अक्षरं शिकवते. ‘क’ येतो मला.
मेणाचा खर्च निम्म्यावर आला, खजिनदार खूश.
काल मोजणीत एक थोटूक कमी भरलं.
नव्या कारकुनाने भुवई उचलली.
उंदीर, मी म्हटलं.
मेण खातात मेले.